मोटेपासून हँडबॅगेपर्यंत

विहिरीवरून मोट उतरली, त्याला आता बरीच वर्षे झाली. गावोगाव वीज पोचली, पंप बसले आणि मोट शिवणाऱ्या हातांचे एक मोठे काम थांबले. पखाल त्याआधीच दिसेनाशी झाली होती; तेलाचा चामडी बुधला, घोड्याचे खोगीर, तलवारीचे म्यान या वस्तू तर संग्रहालयातच पाहावयास मिळतात. या साऱ्या वस्तूंत एक गोष्ट समान होती. सपाट चामड्याला पोकळ आकार द्यावयाचा, भाराखाली तो आकार मोडू द्यावयाचा नाही आणि शिवण उसवू द्यावयाची नाही, ही तीन कामे त्या घडविणाऱ्या कारागिराला एकाच वेळी साधावी लागत. चपलेत यातील पहिले काम फारसे पडत नाही. म्हणूनच मोट गेली तेव्हा गावच्या चर्मकाराच्या हातून केवळ एक वस्तू गेली असे नाही. चामडे उभे करण्याची विद्याही वापराअभावी मागे पडली.

ती विद्या आज ज्या वस्तूत पुन्हा उपयोगी पडू शकते, ती म्हणजे ताठ बांध्याची चामडी हँडबॅग. रिकामी असतानाही जी मेजावर स्वतःच्या आधाराने उभी राहते, जिचे कोपरे बसत नाहीत आणि जिचे झाकण दर वेळी नेमके आपल्या जागी येते, तिला ताठ बांध्याची म्हणावयाचे. मऊ पिशवीपेक्षा तिला श्रम अधिक लागतात; तथापि यंत्र लागत नाही. घराच्या ओसरीवर, खिडकीच्या उजेडात, थोड्या हत्यारांनिशी ती तयार होऊ शकते. शांतिनिकेतनच्या चामडी पिशव्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते काम शेळी-मेंढीच्या मऊ चामड्याचे आणि नक्षीप्रधान आहे. महाराष्ट्रातील कारागिरांना ज्याचा सराव आहे ते जाड, वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले चामडे मात्र ताठ बांध्याला अधिक अनुकूल आहे.

कारागिराची आजची स्थिती

करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये बलुते पद्धती बंद केली. वर्षभराच्या कामाबद्दल सुगीला मिळेल तेवढे धान्य घ्यावयाचे, ही रीत त्यामुळे मोडली आणि कारागीर आपली वस्तू बाजारात, पैशाच्या मोबदल्यात विकण्यास मोकळा झाला. कोल्हापुरी चपलेचा पुढील विस्तार सर्वांच्या परिचयाचा आहे. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ १९७४ मध्ये स्थापन झाले. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा समावेश आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील एका नामांकित कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरीसारखी पादत्राणे मांडली आणि त्यांचे मूळ सांगितले नाही, तेव्हा या चपलेचे नाव जगभर गाजले.

नाव गाजले तरी चपलेचा धंदा हंगामीच आहे. पावसाळ्यात कोल्हापुरी चप्पल कोणी पायात घालीत नाही. त्या महिन्यांत विक्री थंडावते. शिवाय चपलेचा भाव जोडाच्या हिशोबाने ठरतो आणि त्यात वेणी घालणाऱ्या, पट्ट्यावर नक्षी करणाऱ्या घरच्या स्त्रियांचे तास बहुधा धरलेच जात नाहीत. हँडबॅगेला हंगाम नाही, आणि तिची किंमत कामाकडे पाहून ठरू शकते. परंतु हे काम कसे होते, त्यात वेळ कोठे जातो, हे घेणाऱ्याला व मदत करणाऱ्या यंत्रणेला ठाऊक असेल तरच. शाळेतील कार्यानुभवाचे शिक्षक, पंचायतीचे सदस्य आणि विकास खात्यांतील अधिकारी यांनी ही कृती तपशिलाने समजून घ्यावी, ती यासाठी.

चामड्याची पारख

कातडे आणि चामडे हे शब्द बोलण्यात सरसकट वापरले जातात. कारागीर मात्र त्यांत भेद करतो. जनावराच्या अंगावरून निघालेले ते कातडे, कमावल्यानंतर झाले ते चामडे. कमावण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली जुनी : बाभळीची साल आणि सह्याद्रीच्या रानातला हिरडा यांतील तुरट द्रव्य पाण्यात उतरवून त्यात कातडे मुरवावयाचे. याला कित्येक आठवडे लागतात. दुसरी क्रोमियमच्या क्षारांची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती प्रचारात आली. तिने एक-दोन दिवसांत काम होते. या दुसऱ्या पद्धतीचा भारतातील एक आरंभ मोटेशी निगडित आहे, हे येथे सांगण्यासारखे आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मद्रास येथे आल्फ्रेड चॅटर्टन यांनी क्रोम चामड्याचे प्रयोग केले, त्यात विहिरीवरील पाणी काढण्याच्या चामडी मोटा हा एक महत्त्वाचा उद्देश होता. कारण क्रोम चामडे पाण्यात राहूनही लवकर कुजत नाही.

हँडबॅगेसाठी मात्र साल-हिरड्याच्या पद्धतीचे चामडे श्रेयस्कर. ते ओले केले की मऊ होते, हवा तो बाक घेते आणि वाळल्यावर तो बाक धरून ठेवते. क्रोम चामडे स्पंजासारखे लवचीक राहते. ते दुमडले तरी पुन्हा उलगडू पाहते, आणि त्याची कापलेली कड घासून चकचकीत होत नाही. बाजारात दोन्ही प्रकार एकाच रंगात मिळतात. फरक ओळखण्याचा सोपा उपाय असा की, नखाएवढा तुकडा उकळत्या पाण्यात टाकावा. सालीने कमावलेला तुकडा आक्रसून कडक होतो. क्रोमचा बहुतेक तसाच राहतो. कापलेल्या कडेत निळसर करडी छटा दिसली तर तेही क्रोमचेच लक्षण.

एकाच चामड्यात सर्व जागा सारख्या नसतात. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचा भाग घट्ट व एकसारखा असतो. पोटाकडचा भाग सैल विणीचा आणि ताणणारा. बॅगेचे दर्शनी भाग व मूठ पाठीतून काढावी. मूठ तर कण्याच्या दिशेने लांब कापावी, आडवी कापल्यास भाराने ती लांबत जाते. पोटाकडचे तुकडे आतल्या खिशाला चालतात. जाडी दर्शनी भागांना दोन ते अडीच मिलिमीटर, बाजूच्या पट्टीला दीड मिलिमीटर पुरेशी होते. यापेक्षा जाड घेतल्यास बॅग ताठ होईल खरी, पण रिकामीच जड होईल.

राज्यात गाईबरोबरच २०१५ पासून बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी आहे. तेव्हा म्हशीचे व शेळीचे चामडे हाच मुख्य आधार. कोल्हापूरकडील कारागीर तमिळनाडूतून येणारे कमावलेले चामडेही घेतात. चामडे कोठूनही घेतले तरी पावती घेऊन ती जपून ठेवावी. माल नेताना अडवणूक झाली तर तोंडी खुलाशापेक्षा पावती अधिक उपयोगी पडते.

माप आणि कापणी

उदाहरणादाखल २८ सेंटिमीटर रुंद, २० सेंटिमीटर उंच आणि ९ सेंटिमीटर खोल अशी बॅग घेऊ. तिचे मुख्य तुकडे तीनच. दर्शनी भाग २८ बाय २०. मागची बाजू, माथा आणि पुढे येणारे झाकण हे सारे एकाच सलग तुकड्याचे : २० अधिक ९ अधिक १३, म्हणजे ४२ सेंटिमीटर लांब व २८ रुंद. तिसरी बगलपट्टी, ती एका बाजूने खाली उतरते, तळ होते आणि दुसऱ्या बाजूने वर चढते. तिची रुंदी ९ सेंटिमीटर खोलीसाठी आणि दोन्ही कडांना एकेक सेंटिमीटर दुमडीसाठी, म्हणजे ११ सेंटिमीटर.

बगलपट्टीच्या लांबीत नवशिका हमखास चुकतो. २० अधिक २८ अधिक २० म्हणजे ६८ असा हिशोब तो करतो. पण खालचे दोन कोपरे गोल असतात. तीन सेंटिमीटर त्रिज्येचा कोपरा घेतला तर काटकोनातल्या सहा सेंटिमीटरऐवजी पट्टी सुमारे ४.७ सेंटिमीटरच चालते. दोन कोपऱ्यांत अडीच सेंटिमीटरहून अधिक बचत होते आणि खरी लांबी साडेपासष्टच्या आसपास येते. आठवी-नववीच्या वर्गात वर्तुळाचा परीघ शिकविताना याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. कारागीर हे गणित कागदावर करीत नाही. तो दर्शनी भागाच्या कडेने दोरा लावतो, तो दोरा सरळ करून मापतो आणि दोन्ही टोकांना एकेक सेंटिमीटर जादा ठेवतो. जादा भाग शिवण पुरी झाल्यावर छाटला जातो.

मूठ, खिसा व बंद करण्याची जीभ धरून साऱ्या तुकड्यांचे क्षेत्रफळ सुमारे तीन चौरस फूट होते. चामड्यावर डाग, ओरखडे व सैल भाग असतात, म्हणून साडेचार चौरस फूट चामडे हाताशी असावे. तुकडे आधी जाड पुठ्ठ्याचे कापून, ते चिकटपट्टीने जोडून खोटी बॅग उभी करून पाहावी. पुठ्ठा चुकला तर काही बिघडत नाही. चामडे चुकले तर पैसे गेले. चामड्यावर आखणी पेनने करू नये, बोथट आरीने करावी. कापणी धारदार रापीने, पोलादी पट्टीच्या आधारे आणि शक्य तर एकाच ओढीत. रापी दर थोड्या वेळाने चामड्याच्या पट्ट्यावर परजावी लागते. बोथट रापी अधिक धोकादायक, कारण ती जोर लावावयास लावते आणि निसटते.

ताठपणा कोठून येतो

बाजारातील पुष्कळ बॅगा ताठ दिसतात, त्या आतल्या पुठ्ठ्यामुळे. चामड्याचा पातळ पापुद्रा बाहेर, सुती अस्तर आत आणि मध्ये कागदी पुठ्ठा. कोकणात किंवा घाटमाथ्यावर एक पावसाळा गेला की हा पुठ्ठा ओल धरतो, मऊ होतो, आणि बॅगेला पोक येतो. हाताने केलेल्या बॅगेत ताठपणा मुख्यतः तीन गोष्टींतून यावा : चामड्याची स्वतःची जाडी, ओले असताना दिलेला बाक आणि कडेची दुमड. पत्र्याच्या सपाट तुकड्यापेक्षा कड वळविलेला पत्रा ताठ होतो, तोच नियम येथे लागू पडतो. तळाला अधिक आधार हवा असेल तर चामड्याचाच दुसरा थर डकवावा.

बगलपट्टीला बाक देण्याची रीत अशी. दुमडीच्या रेषेवर आतल्या बाजूने रापी चालवून जाडी एक-तृतीयांशाने कमी करावयाची. नंतर ओल्या फडक्याने चामडे दोन्ही बाजूंनी भिजवावयाचे. पाणी साधे, गरम मुळीच नको, कारण गरम पाण्याने असे चामडे आक्रसते. भिजल्यावर चामड्याचा रंग गडद होतो. तो पुन्हा फिका होऊ लागला, पण हाताला चामडे अजून गार लागते, ही बाक देण्याची नेमकी वेळ होय. त्याआधी चामडे चिखलासारखे वागते, नंतर ऐकत नाही. बॅगेच्या आतल्या मापाचा, कोपरे गोल केलेला लाकडी ठोकळा सुताराकडून एकदा करून घ्यावा. त्याच्याभोवती पट्टी बसवून कडा बाहेरच्या बाजूस दुमडावयाच्या, हाडाच्या किंवा गुळगुळीत लाकडाच्या तुकड्याने दाबून रेषा बसवावयाची. कोपऱ्यावर दुमड ताणावी लागते, तेथे घाई केली तर चामडे फाटते. मग सावलीत वाळवावे. उन्हात किंवा चुलीजवळ वाळविलेले चामडे ठिसूळ होते. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो. श्रावणात दोन-तीन दिवसही लागतात, आणि तेवढे थांबण्यास पर्याय नाही.

ओल्या चामड्याला लोखंड लागू देऊ नये. सालीतील तुरट द्रव्य आणि लोखंड यांचा संयोग होऊन काळा डाग पडतो, आणि तो निघत नाही. पूर्वी हिरडा व हिराकस एकत्र करून काळी शाई करीत असत. हा डाग म्हणजे नको त्या जागी झालेली तीच शाई. म्हणून कड्या, बक्कल आणि रिव्हेट पितळी घ्याव्यात.

दोन सुयांची शिवण

हाताने केलेल्या बॅगेचा खरा जीव तिच्या शिवणीत आहे. यंत्रावर दोन वेगळे दोरे असतात. वरचा व खालचा दोरा चामड्याच्या मधोमध एकमेकांत अडकतात. एक दोरा तुटला की दुसऱ्याची पकड सुटते आणि शिवण धावत उसवते. खोगीर शिवणारे कारागीर वापरतात ती शिवण वेगळी. तिच्यात दोरा एकच, पण त्याच्या दोन्ही टोकांना सुई. प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया विरुद्ध बाजूंनी जातात. त्यामुळे एखादा टाका झिजून तुटला तरी त्याच छिद्रांतून गेलेला दुसरा पदर चामडे धरून राहतो.

शिवणीपूर्वी मूठ, जीभ, खिसा, बक्कल असे जे काही सपाट भागांवर बसावयाचे ते सर्व बसवून घ्यावे. बॅग एकदा बंद झाली की आत हात जात नाही. पुष्कळांना हे उशिरा सुचते.

कडेपासून चार मिलिमीटर अंतरावर उथळ खाच ओढावी, म्हणजे टाके खाचेत बसतील व घासणार नाहीत. चार-चार मिलिमीटरवर खुणा करावयाच्या. त्यासाठी शिंप्याची दातेरी फिरकी चालते. ती नसेल तर जेवणाचा काटाही काम भागवितो. शेवटचा दात आधीच्या खुणेत ठेवून तो पुढे सरकविला की अंतर चुकत नाही. छिद्रे आरीने पाडावयाची. आरीचे टोक गोल नव्हे, चपटे असावे आणि ती दर वेळी त्याच तिरक्या कोनात धरावी. टाके एका रांगेत कललेले दिसतात ते या कोनामुळे.

दोरा पोलिएस्टरचा किंवा अळशीच्या धाग्याचा घ्यावा. सुती दोरा घामाने व दमट हवेने लवकर कुजतो. शिवणीच्या लांबीच्या चौपट दोरा लागतो; साडेपासष्ट सेंटिमीटरच्या शिवणीला सुमारे पावणेतीन मीटर. तो मधमाशीच्या मेणावरून दोन-तीनदा ओढून घ्यावा. मेणामुळे दोरा पाणी कमी धरतो आणि टाका ओढल्यावर सैल पडत नाही.

दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून चामडे गुडघ्यांत धरलेल्या दोन फळ्यांच्या लाकडी चिमट्यात अडकवितात. पहिल्या छिद्रातून दोरा ओढून दोन्ही बाजूंची लांबी समान करावयाची. पुढच्या छिद्रात आधी उजवी सुई, मग त्याच छिद्रातून डावी. दुसरी सुई पहिल्या दोऱ्यातून टोचली जाऊ नये. मग दोन्ही हातांनी सारखाच ओढ. क्रम एकदा ठरला की शेवटपर्यंत तोच. मध्येच डावी सुई आधी गेली तर त्या जागी टाका उलटा झुकलेला दिसतो आणि जाणत्याच्या नजरेतून ते सुटत नाही. शेवटी तीन टाके मागे घेऊन दोरा कापावयाचा व शिवण हातोडीने हलकेच ठोकून बसवावयाची. गाठ मारावी लागत नाही.

मुठीसाठी सुती दोरीचा गाभा घेऊन त्याभोवती चामडे गुंडाळावे व खालून शिवावे. बॅगेचा सारा भार मूठ जेथे अडकते त्या दोन जागांवर येतो. तेथे आतून चामड्याचे ठिगळ दिल्याशिवाय कड्या बसवू नयेत. वापरात तुटलेल्या बॅगा पाहिल्या तर त्यांतील बऱ्याचशा याच जागी गेलेल्या आढळतात.

कड हे शेवटचे काम, आणि ते सर्वांत अधिक टाळले जाते. दोन थरांची कड रापीने समान करावी, धारेचा कोन उतरवावा, बारीक पॉलिश कागदाने घासावी, डिंकाचे पातळ पाणी लावावे आणि जाड कापडाने ती गरम होईपर्यंत चोळावी. तीन-चार वेळा असे केल्यावर दोन थर एकजीव दिसतात. बॅग चांगली की बेताची, हे दुकानात ठरवावयाचे असेल तर आधी कडेवरून बोट फिरवावे.

चिकटविण्याच्या द्रव्याविषयी सावधगिरीचा एक शब्द आवश्यक आहे. रबरी सोल्यूशनमध्ये विरघळविणारे द्रव असतात. त्यांतील हेक्झेनसारख्या द्रावकाच्या वाफा दीर्घ काळ श्वासातून गेल्यास हातापायांच्या नसांना कायमची इजा होऊ शकते. एका खोलीच्या घरात, जेथे त्याच जागी स्वयंपाक होतो आणि मुले झोपतात, तेथे हा धोका दुहेरी आहे : विषाचा आणि आगीचा. डबा उघडा ठेवू नये, काम ओसरीवर करावे, चुलीपासून दूर. पूर्वीची पिठाची खळ निर्धोक होती खरी, पण तिला झुरळे व बुरशी लागते. पाण्यावर आधारित डिंक मिळतो. तो वाळावयास वेळ घेतो एवढेच. शिवण चांगली असली म्हणजे चिकटविण्याचे काम केवळ तुकडे जागेवर धरण्यापुरते उरते.

तासांचा हिशोब

या मापाच्या बॅगेत दोन मुख्य शिवणी, मूठ आणि इतर किरकोळ भाग मिळून सुमारे २७० सेंटिमीटर शिवण होते. चार मिलिमीटरला एक टाका म्हणजे ६७५ टाके. मिनिटाला तीन टाके धरले तरी निव्वळ शिवणीलाच पावणेचार तास लागतात. छिद्रे पाडणे, कापणी, तासणी, बाक देणे, मूठ व कडा यांचे तास त्यात मिळविले तर सरावलेल्या हाताचे सुमारे पंधरा तास एका बॅगेवर खर्च होतात; वाळवणीचा काळ वेगळा. किंमत ठरविताना चामडे, दोरा व पितळी सामान यांचा खर्च, हे पंधरा तास आणि हत्यारांची झीज एवढे तरी धरलेच पाहिजे. हे तास घरातील दोघा-तिघांत विभागलेले असतात. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे तास लिहिण्याची सवय लागली तर वेणी घालणाऱ्या हातांप्रमाणे शिवण घालणारे हात हिशोबाबाहेर राहणार नाहीत. यंत्रावरच्या बॅगेशी भावात बरोबरी करू पाहणारा कारागीर सर्वप्रथम हेच तास सोडून देतो आणि तेथेच बुडतो.

कोल्हापुरी चपलेचे मानांकन बॅगेला लागू होत नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे. बॅगेवर ते नाव छापणे नियमाला धरून होणार नाही. चामडे कोणत्या पद्धतीने कमावले आणि बॅग कोणत्या गावी शिवली, ही माहिती देणारी साधी चिठ्ठी आत ठेवण्यास मात्र कोणतीच हरकत नाही.

हत्यारांसाठी केंद्र शासनाची पंतप्रधान विश्वकर्मा योजना उपयोगी पडू शकते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या योजनेतील अठरा व्यवसायांत चर्मकारांचा समावेश आहे. पायाभूत प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज अशी तिची रचना आहे. अर्जदार अठरा वर्षांवरील असावा लागतो, आणि एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. कुटुंबात कोणी शासकीय सेवेत असल्यास अर्ज बसत नाही. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामीण भागात ग्रामपंचायतीकडे येते. सरपंचाने ‘दुकान कोठे आहे?’ असे विचारून अर्ज बाजूला ठेवला, तर घरी काम करणारा कारागीर तेथेच अडतो. कारण त्याचे दुकान म्हणजे त्याची ओसरी. पडताळणीच्या वेळी रापी, आरी आणि चालू काम पाहावयास मागणे अधिक योग्य. घरातील स्त्री हे काम करीत असेल तर अर्जदार म्हणून तिचे नाव देता येते. कुटुंबातून एकच नाव जाणार असल्याने ते कोणाचे असावे, याचा विचार घरात आधी व्हावा.

बॅग विकताना तिची निगा कशी राखावी, हे घेणाऱ्याला सांगितले पाहिजे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या चामड्याला पावसाळ्यात बुरशी हमखास येते. जुन्या सुती कापडात गुंडाळून हवेशीर जागी ठेवावी, आत कागदाचे बोळे भरावेत, म्हणजे कोपरे बसत नाहीत. भिजली तर सावलीत वाळवावी. वर्षातून एक-दोनदा मेण व तेल यांचे पातळ मिश्रण फडक्याने लावावे. जास्त तेलाने चामडे ढिले पडते आणि कमावलेला ताठपणा जातो. काही वर्षांनी मुठीजवळचा टाका तुटला तर जुन्याच छिद्रांतून नवा मेणवलेला दोरा घालता येतो. आधीचे तीन टाके मागे घेऊन सुरुवात केली, की नवी शिवण जुनीत मिसळून जाते.